रुमालवालीचं कारण

माझ्या नवऱ्याला लोक विचारायचे, "तुम्हाला गोष्टी सुचतात तरी कुठून?" आणि हे दर वेळी एकच उत्तर द्यायचे. बस स्टँडवर बसावं, दवाखान्याच्या बाकावर बसावं, कान उघडे ठेवावेत. ऐकणारे माना डोलवायचे. एकाने तर ते वहीत टिपून घेतलं होतं. मी शेजारी गप्प बसून असायचे. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण हा माणूस बस स्टँडवर पाच मिनिटं सुखाने बसलेला मी पाहिला नाही. बस चुकली की चरफडत पायी घरी येणार आणि चपला काढताना बसवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार.

ह्यांच्या गोष्टी यायच्या ह्यांच्या थोरल्या बहिणीकडून. ताईंकडून.

ताई कवळ्या करतात. दातांच्या एका दवाखान्यामागे त्यांची एका खिडकीची खोली आहे. पुढे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेतात, ते माप मागे ताईंकडे येतं. ताई त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढतात, त्यावर गुलाबी मेणाची हिरडी घडवतात आणि तिच्यात एकेक दात बसवत जातात. खोलीत सगळीकडे पांढरी भुकटी, ताईंच्या भुवयांवरसुद्धा. लग्नानंतर मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा फळीवर ओळीने मांडलेले जबडे बघून दचकलेच. ताई हातातलं काम न सोडता म्हणाल्या, "घाबरू नकोस, चावत नाहीत. चावायला लागले की मी देऊन टाकते."

मेणात दात बसले की ज्याची कवळी त्याला बोलावून ती तोंडात घालून बघायची. मग ताई म्हणायच्या, "बोलून बघा." 'स' म्हणताना शिट्टी वाजते का, 'फ' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर नीट टेकतात का, हे माणूस बोलल्याशिवाय कळत नाही. तो विचारायचा, काय बोलू? ताई म्हणायच्या, काहीही, तुमचंच काहीतरी सांगा. आणि माणसं सांगायला लागायची. आधी हवापाण्याचं, मग गुडघ्याचं, मग सुनेचं, आणि मग जे कुणालाच सांगितलेलं नसायचं ते. अर्धा-अर्धा तास सांगत बसायची. ताई चाकू गरम करून मेण खरवडत राहायच्या आणि मधूनच म्हणायच्या, "हं, आता परत 'सासू' म्हणा."

दर रविवारी आम्ही ताईंकडे जेवायला जायचो. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच होत्या, मूलबाळ नव्हतं. जेवण झालं की ताई आडव्या व्हायच्या आणि छताकडे बघत आठवड्याभरातलं एखादं माणूस सांगायच्या. नाव कधीच घ्यायच्या नाहीत. प्रत्येकाला त्यांनी काहीतरी टोपणनाव पाडलेलं असायचं, शिट्टीवाला, उशिरा येणारी, तसं. ह्यांना पहिल्यांदा नाव मिळवून दिलं ते एका चौकीदाराच्या गोष्टीने. बायको गेल्यावर तो तिची कवळी घेऊन ताईंकडे आला होता. म्हणाला, थोडी घासून द्या, मला बसेल.

"पिशवीत नव्हती आणली, शर्टाच्या खिशात होती," ताई सांगत होत्या. "काढली, बाहीला पुसली आणि माझ्या हातात दिली. मी म्हटलं, अहो, असं बसत नसतं, प्रत्येकाचं तोंड निराळं. तर म्हणाला, प्रयत्न तर करा."

"त्याला ती कशाला हवी होती?" ह्यांनी विचारलं.

"मला काय माहीत? मी दात करते, मनं नाही करत."

"तरी तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? तो काय करत होता ते सांगितलं. का करत होता ते त्याचं तो जाणे. आपण सांगायला गेलो की चुकतो."

हे पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारखिडकीवर नोकरीला होते. रोज साडेपाचला उठायचे, बिनसाखरेचा चहा प्यायचे आणि एका जुन्या दरवाजाला पाय ठोकून केलेल्या टेबलाशी, भिंतीकडे तोंड करून बसायचे. आठ वाजेपर्यंत तोंडातून शब्द नाही. एकदा स्वयंपाकघरातला नळ तुटून घरभर पाणी झालं तेव्हा मी चिठ्ठी लिहून टेबलावर सरकवली होती. ह्यांनी ती वाचली, 'बघतो' असं खाली लिहिलं आणि पुढचं वाक्य लिहायला घेतलं. लोकांच्या घरी पाणी येत नाही म्हणून दिवसभर खिडकीत शिव्या खाणारा हा माणूस स्वतःच्या घरातल्या पाण्यात पाय बुडवून पेन्सिल चालवत होता. एक गोष्ट व्हायला सात-आठ महिने लागायचे. झाली की कागद माझ्याकडे यायचे. मी शाळेत गणित शिकवायचे, पण माझं शुद्धलेखन ह्यांच्यापेक्षा बरं. ऱ्हस्व-दीर्घ मी बघायचे, आणि पहिली वाचकही मीच.

पुस्तकं होत गेली तशी माणसं सल्ला विचारायला येऊ लागली. हे सांगायचे, गोष्ट आरंभापासून सांगू नये, माणूस खुर्चीत येऊन बसतो तिथून सांगावी. तोंडाकडे बघू नये, हातांकडे बघावं. आणि 'का' हे कधी सांगू नये. ताईंचा शब्दन् शब्द. मी एकदा घरी आल्यावर म्हटलंही, "एकदा तरी ताईंचं नाव घ्या की."

"तिलाच आवडणार नाही," हे म्हणाले. ताईंना विचारलं तर त्या हसल्या होत्या. "सुतावरून स्वर्ग गाठतो तो. सूत कुणाचं, हे स्वर्गात कोण विचारतं?" राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. कौतुकच होतं. पुस्तक आलं की खोलीतल्या फळीवर, जबड्यांच्या शेजारी ठेवायच्या.

रुमालवालीचं ताईंनी सांगितलं तेव्हा मी तिथे मटार सोलत बसले होते, म्हणून मला ते शब्दाला शब्द ठाऊक आहे.

साठीच्या पुढची बाई. खोलीत शिरल्यापासून तोंडावर रुमाल. तिची वरची कवळी फार जुनी, झिजून गेलेली, म्हणून नवी करायची होती. ताईंनी विचारलं, "इतक्या तरुणपणी पुढचे दात कसे गेले हो?" बाई म्हणाली, न्हाणीघरात पाय घसरला. मग माप झालं, मेण झालं, बोलून बघायचा दिवस आला. ताईंनी म्हटलं, काहीतरी सांगा. बाईने रुमालाची घडी मांडीवर ठेवली आणि म्हणाली, घसरले नव्हते. नवऱ्याने पितळी तांब्या मारला होता. एकदाच. तीस वर्षांपूर्वी. नवरा हेडमास्तर, गावभर मान असलेला. पोटच्या मुलीलासुद्धा ठाऊक नाही. आता दोन वर्षांपासून अर्धांगाने अंथरुणाला खिळलेत आणि ही त्यांना दोन्ही वेळ भरवते. गळ्याला फडकं लावते, ते सरकू नये म्हणून कपडे वाळत घालायची पिवळी चिमटी लावते. आणि भरवायला बसायच्या आधी आपली कवळी काढून खिडकीत ठेवते. बोळक्या तोंडाने त्यांच्यासमोर बसते आणि घास भरवते.

ताई एवढं सांगून थांबल्या.

"दात काढून?" हे उठून बसले होते. "रोज? त्याच्यासमोर?"

"रोज म्हणाली."

"का पण?"

"ते सांगण्याआधीच डॉक्टरांनी हाक मारली तिला." ताईंनी मान वळवून ह्यांच्याकडे बघितलं. मला वाटतं, ह्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी त्यांना दिसलं असावं. "धाकट्या, ही लिहू नकोस हं. बाई अजून येतेजाते आहे. आणि मला सगळं ठाऊकही नाही."

"छे छे," हे म्हणाले.

नऊ महिन्यांनी एके दिवशी आठ वाजता ह्यांनी माझ्या हातात अकरा कागद ठेवले. हेडमास्तरांचा पोस्टमास्तर झाला होता, तांब्याची काठी झाली होती, मुलीचा मुलगा झाला होता. खिडकी तीच होती. पिवळी चिमटीही तीच, किंबहुना गोष्टीचं नावच 'पिवळी चिमटी' होतं. आणि शेवटी ती बाई मनात म्हणते, बघ. रोज दोन वेळा बघ, तू काय केलंस ते. हे बघितल्याशिवाय तुला घास मिळायचा नाही. ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा 'का' ते लिहिलं होतं, आणि असं लिहिलं होतं की वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

मला मटार आठवले. ताईंचं 'लिहू नकोस' आठवलं. ह्यांना विचारायला हवं होतं, आणि विचारायला फार काही लागलंही नसतं. पण गोष्ट इतकी चांगली झाली होती. वीस वर्षांत ह्यांनी तसं लिहिलं नव्हतं. मी तीन ठिकाणी दुसरी वेलांटी पहिली केली, 'पश्चात्ताप' मध्ये एक 'त' राहिला होता तो घातला आणि कागद परत दिले.

"कशी आहे?" ह्यांनी विचारलं.

"छान आहे," मी म्हटलं.

गोष्ट मासिकात आली, मग त्याच नावाच्या पुस्तकात आली, पुस्तकाला एका संस्थेचा पुरस्कार मिळाला, आणि त्यामुळे एका वर्तमानपत्राने रविवारच्या पुरवणीत पानभर तीच गोष्ट छापली. ताई काही बोलल्या नाहीत. पुस्तक फळीवर ठेवलं नाही, एवढंच. ह्यांच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या आलं होतं.

पुरवणीत गोष्ट आल्यानंतर तिसऱ्या रविवारी आम्ही गेलो तर ताईंनी ताटं घेतली नव्हती. त्या टेबलाशी ताठ बसल्या होत्या.

"बसा," म्हणाल्या. "आज आधी सांगते, मग जेवायचं तर जेवा."

आणि त्यांनी नेहमीसारखंच, आवाज न चढवता सांगितलं. रुमालवाली मंगळवारी आली. रुमाल नव्हता. तोंडात कवळीही नव्हती. ती तिने पर्समधून काढून टेबलावर ठेवली. म्हणाली, ही तुमच्याकडेच राहू द्या. तिच्या मुलीने पुरवणी वाचली होती. मुलीचं औषधांचं दुकान आहे, दुकानात गिऱ्हाईक नसताना वाचली. पिवळ्या चिमट्या तिनेच आईला आणून दिल्या होत्या, डझनभर. बाबांच्या अंथरुणाशेजारची खिडकी तिला पाठ होती. दुकान तसंच टाकून ती आईकडे आली आणि म्हणाली, आई, बाबांनी तुझे दात पाडले होते? आईला खोटं बोलता आलं नाही. मग म्हणाली, म्हणून तू त्यांच्यासमोर दात काढून बसतेस? इतकी वर्षं? ते बोलू शकत नाहीत, तोंड फिरवू शकत नाहीत, आणि तू त्यांना रोज हे दाखवतेस?

"मग?" हे म्हणाले.

"मग आईने तिला खरं कारण सांगितलं. मलाही सांगितलं. त्या दिवशी डॉक्टरांनी हाक मारली नसती तर तेव्हाच सांगितलं असतं." ताईंनी पाण्याचा घोट घेतला. "हेडमास्तरांनाही कवळी होती. अर्धांगाने तोंड वाकडं झालं, कवळी बसेना, काढून ठेवावी लागली. माणूस मानी. बोळक्या तोंडाने बायकोच्या हातून खायची लाज वाटायला लागली. घास आला की ओठ मिटायचे आणि डोळे भिंतीकडे. चार दिवस नुसत्या पाण्यावर राहिले. पाचव्या दिवशी हिने आपलीही कवळी काढली, खिडकीत ठेवली आणि समोर बसली. ते बघत राहिले. मग जेवढा चेहरा हलत होता तेवढ्याने हसले. आणि खाल्लं. त्या दिवसापासून ती रोज काढून ठेवायची. एवढंच होतं ते."

ताईंनी पेला टेबलावर ठेवला.

"मुलीला पटलं नाही," ताई म्हणाल्या. "म्हणाली, तू आता सारवासारव करतेस. पेपरात स्पष्ट छापलंय. सोमवारीच ती बाबांना आपल्या घरी घेऊन गेली."

"मी जाऊन सांगतो तिला," हे म्हणाले. "शेवट माझा आहे म्हणून सांगतो."

"सांग. मी तुला लिहू नकोस म्हटलं होतं, तेही आठवतंय ना?"

"हो."

"आणि तुलाही," असं म्हणून ताईंनी माझ्याकडे बघितलं. "तू पण होतीस."

मी मान खाली घातली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे नेणार?

ताईंनी त्या दिवसापासून एक बदल केला. कवळी तोंडात घालून बघताना आता त्या कुणाला काही सांगायला लावत नाहीत. म्हणतात, आकडे म्हणा. सात, सतरा, सत्तावीस, सदतीस. 'स' त्यातही येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं औषधांच्या दुकानात गेलो. सकाळचे अकरा वाजले होते. काउंटरमागे चाळिशीची बाई गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापत होती. ह्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. तिची कात्री थांबली.

"गोष्टीतला शेवट मी मनाने रचलाय," हे म्हणाले. "तो खोटा आहे. तुमच्या आई सांगतात तेच खरं आहे."

"तुम्ही माझ्या आईला भेटला होतात?"

"नाही."

"आमच्या घरी आला होतात?"

"नाही."

"मग दात पाडल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

ताईंचं नाव घेता येत नव्हतं.

"ते खरं निघालं," ती म्हणाली. "तीस वर्षांत मला जे माहीत नव्हतं ते तुम्हाला माहीत होतं. चिमटी खरी, खिडकी खरी. फक्त शेवटची चार वाक्यंच खोटी?"

"हो. ती माझी आहेत."

तिने कात्री खाली ठेवली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. "मला ती चार वाक्यं पाठ आहेत," ती म्हणाली. "आई स्वयंपाकघरात उभी दिसली तरी मला तीच ऐकू येतात. आता तुम्ही म्हणता तसं कानावर पडतं, पण खरं वाटत नाही. मी काय करू?"

मागे एक माणूस खोकल्याचं औषध मागायला आला. तिने ते काढून दिलं, आणि आम्ही बाहेर आलो.

प्रकाशकांना ह्यांनी फोन केला, पुढच्या आवृत्तीत ती गोष्ट घेऊ नका. ते हसले. "अहो, लोक पुस्तक घेतात ते त्या गोष्टीसाठी. बाकीच्या गोष्टी भाजीबरोबर कोथिंबीर जावी तशा जातात." मग हे पुन्हा टेबलाशी बसले. पाच महिने तीच गोष्ट लिहिली, खऱ्या शेवटाची. नवऱ्याला एकट्याला लाज वाटू नये म्हणून बाई आपले दात काढते, तो अर्ध्या चेहऱ्याने हसतो आणि खातो. हे एखाद्या चांगल्या मासिकात आलं तर मुलगी वाचेल, असं ह्यांच्या मनात होतं. दुसरा मार्ग ह्यांना ठाऊकच नव्हता. जुन्या ओळखीच्या संपादकांकडे पाठवली. पंधरा दिवसांनी कागद परत आले, बरोबर प्रेमाने लिहिलेलं पत्र. 'तुमच्यासारख्याने असा गोड शेवट करावा याचं नवल वाटलं. तीस वर्षं दात नसलेली बाई असं करेल हे पटत नाही. पहिलाच शेवट खरा वाटतो. त्याला हात लावू नका.'

हे ते पत्र घेऊन बराच वेळ गॅलरीत उभे होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. पहिली गोष्टच चांगली आहे."

"पण खरी नाही ना."

"नाही. नुसती चांगली आहे."

हेडमास्तर मुलीच्या घरी अकरा आठवडे होते. तिने बापासाठी काही कमी केलं नाही, हे ताईही सांगतात. शिकलेली नर्स ठेवली, हवेशीर खोली दिली. पण नर्सच्या हातचा घास आला की ओठ मिटायचे. मग नाकातून नळी घातली. रुमालवाली दर गुरुवारी जायची. तिला दाराजवळच्या खुर्चीत बसायची परवानगी होती. भरवायची नव्हती. हे सगळं ती ताईंना सांगायची. ताई आम्हाला फक्त जरुरीपुरतं सांगायच्या. हेडमास्तर गेले त्या दिवशी ताई जाऊन आल्या. आम्ही कुठल्या तोंडाने जाणार होतो?

त्यानंतर हे लिहायचे थांबले. अजूनही साडेपाचला उठतात, बिनसाखरेचा चहा पितात, भिंतीकडे तोंड करून बसतात. पेन्सिलींना टोक करतात. आठ वाजले की उठतात. मी एकदा टेबलावरचे कागद बघितले होते, कोरे. मी काही विचारलं नाही. वाटलं, बसतायत ते बसू द्यावं, नाहीतर तेही जाईल.

गेल्या वर्षी एका ठिकाणी नवीन लिहिणाऱ्यांसाठी दोन दिवसांचा वर्ग होता. ह्यांना बोलावलं. हे नको म्हणत होते, मीच आग्रह केला. जरा चार माणसांत जाल, म्हटलं. तीसएक तरुण मुलंमुली होत्या, प्रत्येकासमोर वही. पहिल्याच मुलीने विचारलं, "सर, पात्राचं मन उलगडून दाखवायचं तंत्र काय?"

हे म्हणाले, "दाखवू नका." आणि त्यांनी सगळं सांगितलं. कुणाचं नाव न घेता, पण सगळं. सांगणारी एक बहीण होती, तिने नको म्हटलं होतं, तरी लिहिलं, 'का' ते ठाऊक नसताना ठोकून दिलं, आणि एक माणूस परक्या हातचा घास न घेता मेला. बोलताना ह्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. इतकी वर्षं मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी जवळजवळ पाहिलं.

बोलणं संपलं. आणि मग टाळ्या. पहिल्यांदा मागच्या रांगेतून, मग सगळीकडून. एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, काय जबरदस्त बांधलीये! बायकोने शुद्धलेखन तपासलं, ते तर फारच भारी. ही छापलीत कुठे?"

"ही गोष्ट नाही," हे म्हणाले.

"तेच तर, सर," मुलगा आनंदाने म्हणाला. "वाटतच नाही गोष्ट आहे असं."

आयोजकांनी ह्यांच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. परतताना बसमध्ये हे खिडकीशी बसले होते, गुच्छ मांडीवर. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, मुलं हुशार होती. हे म्हणाले, "हो. त्यांतला एखादा लिहीलसुद्धा ही."

रविवारी आम्ही अजूनही ताईंकडे जातो. त्या प्रेमाने वाढतात, ह्यांना आवडतं ते आठवणीने करतात. जेवण झालं की आडव्या होतात आणि छताकडे बघत गुडघ्याचं सांगतात, वरच्या मजल्यावरच्या पाइपातून पाणी ठिबकतं त्याचं सांगतात. हे 'हं, हं' करतात. कुणी कुणावर रागावलेलं नाही. कधी कधी मला वाटतं, रागावलेलं असतं तर संपलं तरी असतं.

मागच्या महिन्यात माझी दाढ ठणकायला लागली म्हणून मी त्याच दवाखान्यात गेले. बाकावर शेजारी एक बारीकशी म्हातारी बसली होती, गाल आत गेलेले. डॉक्टरांकडची मुलगी येऊन तिला म्हणाली, "आजी, हिरड्यांचं औषध देते हं, थांबा. मागे ताईंना भेटणार का आज?" म्हातारी म्हणाली, "हो, तिच्याकडे जाऊनच घरी जाईन. गुरुवारी मोकळीच असते मी आता." तेव्हा मला कळलं. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण दुसरं कुणी असणं शक्य नव्हतं.

ताईंची भावजय मीच, ते अकरा कागद आधी माझ्या हातात आले होते, मला थांबवता आलं असतं, असं सांगायचं होतं. वाक्यं जुळवत होते. तेवढ्यात तिनेच माझ्याकडे वळून विचारलं, "फार दुखतंय का?"

"हो," मी म्हटलं.

"काढूनच टाका. बरं असतं." मग जरा थांबून म्हणाली, "मिस्टर असतात ना?"

"असतात."

"जेवतात ना नीट?"

"जेवतात."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसली.

आतून माझं नाव पुकारलं. मी उठले. डॉक्टरांनी सुई दिली, जीभ जड झाली, दाढ निघाली. तोंडात कापसाचा बोळा धरून मी बाहेर आले तेव्हा ती अजून तिथेच होती, औषधाची वाट बघत. माझ्याकडे बघून तिने मान हलवली, झालं ना, अशी. मीही मान हलवली. मग पर्स उचलून घरी आले.